खिडकीची पाळी

मी खिडकीला कडी घातली, आणि माझ्या मागे बाक वाजायला लागले.

एकदोन नव्हे, सगळे. कुणी तळव्यानं, कुणी पट्टीनं, कुणी कंपासपेटीनं. सातवी ‘ड’वरचा तो माझा पहिलाच तास. वळून पाहिलं तर चेहरे अगदी साळसूद, नजरा छताला, हात तेवढे बाकांवर चाललेले. मग शेवटच्या बाकावरची एक किडकिडीत मुलगी उठली, माझ्या शेजारून खिडकीशी गेली, कडी काढली, दोन्ही झडपा भिंतीला टेकेपर्यंत उघडल्या आणि जागेवर जाऊन बसली. बाक गप्प झाले.

“नाव काय गं तुझं?”

“सुगंधा हावळ.”

“सुगंधा, खिडकी बाईंना विचारून उघडायची असते.”

“इचारलं की न्हाई म्हंत्यात समदे,” ती म्हणाली. स्वरात उद्धटपणा नव्हता. भाजीवाली भाव सांगते तसं तिनं सांगून टाकलं, झालं.

ती खिडकी वर्गाच्या मागच्या भिंतीला होती. बाहेर एक बोळ, दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीला उतरावं लागेल एवढाच, आणि बोळापलीकडे यंत्रमागांचा कारखाना. त्याच्याही खिडक्या सताड उघड्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत खटक-खटक, खटक-खटक. त्या गावात गल्लोगल्ली माग होते, पण शाळेच्या इतका उशाला हा एकच. खिडकी उघडी असली की फळ्यापाशी बोललेलं तिसऱ्या बाकापलीकडे पोचत नसे. त्यात माझा आवाज मुळातच बारीक.

“बाई, काय बी ऐकू येत न्हाई,” चौथ्या बाकावरचा एक गुबगुबीत मुलगा उभा राहिला. मौला बागवान त्याचं नाव, हे मला नंतर कळलं. “डास गुणगुणल्यावानी वाटतंय.”

वर्ग खदखदून हसला. मलाही हसू आलं. “मग डासालाच जवळ येऊ दे,” असं म्हणून मी वर्गाच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि तिथूनच अपूर्णांक शिकवायला सुरुवात केली. डास म्हणताना मौला दोन्ही हात हवेत फडफडवत होता, ते मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

त्या वर्षी मी नुकती निवृत्त झाले होते. घरी बसून महिनाभरातच कंटाळले. भाची त्या गावात दिलेली, तिच्याकडे राहायला गेले होते, तेवढ्यात तिथल्या शाळेत बदली शिक्षिका हवी असल्याचं कळलं. दुसऱ्या दिवशी मी खडू हातात घेऊन उभी होते. भाची म्हणाली, “मावशी, त्या शाळेत? आणि ‘ड’ तुकडीवर?” मी म्हटलं, “ड पण बाराखडीतलाच आहे गं.”

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक देशिंगे सरांनी बोलावून घेतलं. उंच, कडक इस्त्रीचे, कपाळाला कायम आठी.

“कसा वाटला वर्ग, शिराळकरबाई?”

“जिवंत आहे.”

“जिवंत!” सर हसले नाहीत. “खोतबाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्यापासून तिघं बदलीवर आले आणि तिघं पळाले. एकजण तर जेवणाचा डबा इथंच टाकून गेला. न्यायलासुद्धा परत आला नाही. मी ठरवलंय बाई, दिवाळीनंतर ही तुकडी मोडायची. बरी पोरं दुसऱ्या तुकड्यांत घालू, उरलेली रात्रशाळेत. त्यात पहिलं नाव हावळचं.”

रात्रशाळा म्हणजे काय, हे त्या गावात कुणाला समजावून सांगावं लागत नसे. दिवसभर कारखान्यात कांड्यांवर सूत भरायचं आणि रात्री बाकावर डोकं टेकून झोपायचं. तिथं गेलेली मुलगी पुन्हा दिवसाच्या शाळेत आलेली कुणी पाहिली नव्हती.

“ती करते तरी काय एवढं?” मी विचारलं.

“तास-तास खिडकीबाहेर बघते. हातवारे करते. खिडकी लावली की सगळा वर्ग पेटवते. कारखान्यात पोरंटोरं असतात, बाई. मुलगी मोठी होतेय. उद्या काही वेडंवाकडं झालं तर लोक मलाच विचारणार. त्यातून कारखान्याचे मालक आपल्या संस्थेच्या कमिटीवर.”

“सहामाहीपर्यंत राहू दे तिला. पास झाली तर पुढंही इथंच.”

“पास? गेल्या चाचणीत गणिताचा पेपर कोरा दिलाय तिनं.”

“मग तर तुमचं काहीच जात नाही सर.”

“बरं. सहामाही. पण नापास झाली तर पुन्हा माझ्याकडे तिची बाजू घेऊन यायचं नाही.”

नवा वर्ग मिळाला की मी पहिले काही दिवस शिकवण्याबरोबर नुसतं बघायचं काम करते. कोण कुणाची पेन्सिल घेतो, कुणाचा डबा रिकामा असतो, कोण हसण्याआधी कुणाकडे बघतो. सातवी ‘ड’मध्ये मला दिसले ते हात. फळ्यावर लिहून मी वळायची तर वर्ग शांत, आणि तरीही मघाशी चाललेल्या गप्पा कुठंतरी पुढं सरकलेल्या असायच्या. एकीनं कान चिमटीत धरला की पलीकडच्या रांगेतला मान हलवायचा. कुणी दोन बोटं ओठांशी नेली की तिघं घड्याळाकडे बघायचे.

“हे काय चालतं रे तुमचं?” मी मौलाला विचारलं.

“मागावरचं बोलणं हाय बाई. तिथं वरडून बी ऐकू येत न्हाई, मग हातानं बोलायचं. आमच्या घरात बी असंच चालतंय. बाप जेवताना बी हातानंच आमटी मागतोय.”

“आणि माझ्यासाठी कुठली खूण ठरवलीत?”

तो लाजला. हळूच दोन बोटं हवेत फडफडवली. डास.

सुगंधा या खुणांच्या गप्पांत कधी नसायची. ती शेवटच्या बाकावर तिरकी बसून खिडकीबाहेर बघायची. अधूनमधून तिचा हात पटकन वर जायचा, काहीतरी सांगायचा आणि खाली यायचा. वहीत तारीख असायची, त्याखाली काही नाही. प्रश्न विचारला की उभी राहायची आणि गप्प. रागवावं असं तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ती दमलेली दिसायची.

एका दुपारी वर्गाला उदाहरणं घालून मी तिच्या बाकावर जाऊन बसले. “सरक गं जरा.” ती सरकली. मी तिच्यासारखीच तिरकी बसले आणि ती बघत होती तिकडे बघायला लागले.

समोरच्या खिडकीच्या गजांमागे एक बाई चार माग चालवत होती. दोन तिच्या पुढ्यात, दोन पाठीमागे. पदर कमरेला घट्ट खोचलेला, केसांवर कापसाचे तंतू. तिचे हात एकसारखे चालले होते. मध्येच मान वर करून तिनं आमच्या खिडकीकडे पाहिलं, आणि तिथं मी दिसल्यावर एकदम दचकली.

“आई का?”

सुगंधानं मान हलवली. तेवढ्यात तिचा हात वर गेला. अंगठा खांद्यावरून मागे, मग मूठ मिटलेली. समोरची बाई गर्रकन वळली. तिच्या पाठीमागचा एक माग थांबला होता. तिनं आडवा दोरा नेणारा धोटा काढला, आतली संपलेली कांडी बदलली, माग पुन्हा सुरू केला.

चाललेला माग थांबला तर त्याचा आवाज थांबतो. पाठीमागचा माग थांबल्याचं त्या बाईला पोरीनं बोळापलीकडून का सांगावं लागतं, एवढंच मनात आलं, आणि मी सुगंधाकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

“दोन वर्सं झाली,” ती खिडकीकडे बघतच म्हणाली. “आदी एका कानानं गेलं. मग दुसऱ्या. मागावर कुणाला कळत न्हाई, समदे हातानंच बोलत्यात. पण माग थांबल्यालं ऐकू याया पायजे की बाई. आई पुढच्या मागावर वाकली की मागचा थांबून ऱ्हातोय, कापड कमी पडतंय. मालकाला कळलं तर काडून टाकील. बाबा गेल्यावर त्येंचं माग आईला दिल्यात, बाईमाणसाला कोन देतंय?”

“डॉक्टर?”

“म्हनाले, मागाचा आवाज सोडा. माग सोडून खायाचं काय?”

“आणि शाळा सुटल्यावर?”

“मी जातो की तिथंच. शेजारी बसून कांड्या भरतो.” मग एकदम माझा हात धरून ती म्हणाली, “सरांस्नी सांगू नका बाई. मालक त्येंच्या कमिटीत हाय.”

“नाही सांगणार.”

त्या रात्री मी विचार केला तो फक्त वर्गाच्या भिंतींचा. दुसऱ्या दिवशी चित्रकलेच्या खोलीतला तिकाटण्यावरचा फळा मी मुलांकडून उचलून आणवला, मागच्या खिडकीच्या शेजारी उभा केला आणि म्हटलं, “सगळे बाक फिरवा.” धुरळा उडाला, आरडाओरडा झाला, आणि पाच-दहा मिनिटांत माझा वर्ग उलटा बसला होता. तोंडं खिडकीकडे, पाठ शाळेकडे. सुगंधा आता सर्वांत पुढच्या बाकावर होती. खिडकीकडे बघायचं म्हटलं तरी फळा नजरेच्या कडेला येत होता.

देशिंगे सर दारात येऊन उभे राहिले. “बाई, हे काय?”

“उजेड इकडून चांगला येतो सर.”

“आणि आवाज?”

“तोही,” मी म्हटलं. वर्गानं हसू दाबलं. सर गेले, पण सहामाहीला बाक पुन्हा जागेवर हवेत, असा शिपायाच्या हाती निरोप आला.

मला वाटलं होतं, झालं काम. काही झालं नव्हतं. नजरेच्या कडेला आलेला फळा कडेलाच राहिला. चार माग राखायचे आणि तीन छेद पाच अधिक एक छेद दोन करायचं, हे कुणाच्यानं होईल? सुगंधा पहिली पायरी लिहायची, खिडकीकडे बघायची, परत वहीकडे आली की कुठं होतो ते विसरलेली. मी शाळेआधी, माग सुरू व्हायच्या आत, तिला अर्धा तास बोलवायची, तेव्हा ती भराभर गणितं सोडवायची. डोकं तल्लख होतं पोरीचं. पण सहामाहीचा सगळा भाग त्या अर्ध्या तासात बसवणं शक्य नव्हतं, आणि परीक्षा तोंडावर आली होती.

असंच एकदा मी तिला फळ्याशी बोलावलं. खडू हातात घेऊन ती उभी राहिली. एक ओळ लिहिली, मान खिडकीकडे वळली. पुन्हा ओळ, पुन्हा मान. आणि तिनं खडू खाली ठेवला.

“मला न्हाई जमणार बाई,” ती म्हणाली. “मी रातशाळंत जातो. बरं पडंल ते.”

वर्गातले हात थांबले. मग मौला उठला, येऊन खिडकीपाशी उभा राहिला.

“तू लिव्ह,” तो म्हणाला. “मी बगतो.”

“काय बगतोस?”

“माग. चहाला जाताना मानूस शेजारच्याला माग बगायला सांगून जातंय की न्हाई? तसं.”

सुगंधाचा चेहरा पांढरा पडला. “कसलं माग?”

“तुज्या आईचं, सुगंधे. काय सोंग करतीस? माजा बाप पलीकडच्या मागांच्या जोडीवर हाय. त्यानं कवाच वळकलंय. त्याला सवड गावंल तवा तो बी बगतोय.”

“आमाला बी म्हाईत हाय,” मागून एक मुलगी म्हणाली. “माजी चुलती बी तिथंच हाय.”

“मालक सोडून समद्यांस्नी म्हाईत हाय,” आणखी कुणीतरी म्हणालं.

सुगंधा फळ्याला पाठ लावून उभी होती. “मग बोलला न्हाईसा कुनी?”

“तू सांगितलं न्हाईस, आमी कशाला बोलायचं?” मौला वैतागून म्हणाला. “आन् खिडकी लावली की आमी बाक काय उगंच बडवत हुतो व्हय? हात सुजायचे माजे!”

मी खिडकीच्या कडेला खुर्चीवर बसून होते. पळून गेलेले ते तिघं आणि सरांच्या कपाळावरची आठी माझ्या डोळ्यांपुढे आली. या वर्गाला शिस्त नाही असं सगळे म्हणत होते. मला डोळे पुसायला पदर लागला.

“पाळी लावा,” मी म्हटलं. “एका तासाला एक बाक. ज्याची पाळी त्याला मी प्रश्न विचारणार नाही, पण त्या तासाला शिकवलेलं बाकीच्यांनी त्याला मधल्या सुट्टीत सांगायचं.”

“सांगू की!” 

“आणि मला खुणा शिकवा.”

“डासाला?” मौलानं विचारलं, आणि सगळ्यांच्या आधी सुगंधाच हसली. तिला हसताना मी प्रथमच पाहत होते.

त्या दिवसापासून त्या वर्गाइतका शांत वर्ग मी आयुष्यात घेतला नाही. पाळीवरचं पोर खिडकीशी, बाकीचे फळ्याशी. मागाच्या आवाजात मी अर्ध्या गोष्टी हातानंच सांगायला लागले. बेरीज, वजाबाकी, गप्प बसा, शाबास. पलीकडून सुगंधाची आई पहिल्यांदा गोंधळली, रोज वेगळंच पोर तिला माग दाखवतंय म्हणून. मग तिला कळलं. एका दुपारी तिनं खिडकीकडे बघून दोन्ही हात जोडले, आणि पाळीवरच्या मौलानं तिला ऐटीत सांगून टाकलं, कामाकडं ध्यान द्या म्हणून.

सहामाहीचा गणिताचा पेपर आला. निरोपाप्रमाणे बाक परत फिरवून ठेवले होते. खिडकी पुन्हा सगळ्यांच्या पाठीशी गेली. पेपर वाटायच्या आधी सुगंधा माझ्याजवळ आली.

“बाई, आज पाळी कुनाची?”

“माझी,” मी म्हटलं. “जा. बस.”

ती दोन पावलं गेली, वळली. “मागचा डावा सारका थांबतोय. त्येची कांडी लवकर संपती.”

“बघते.”

परीक्षेला पर्यवेक्षकानं वर्गाच्या मागे उभं राहण्यात कुणाला वावगं वाटत नाही. मी खिडकीशी उभी राहिले. पोरं लिहीत होती. सुगंधाची पाठ मला दिसत होती, दोन वेण्या आणि वाकलेली मान. सुरुवातीला ती मान मध्ये-मध्ये ताठ व्हायची, वळू बघायची, आणि पुन्हा खाली जायची. मी माग राखत होते. डावा थांबला, मी अंगठा खांद्यावर नेला, मूठ मिटली. तिची आई वळली. पुढचा थांबला, तो तिनंच पाहिला. हळूहळू सुगंधाची पाठ सैल पडली. मान वळायची थांबली.

आणि दारातून देशिंगे सर आत आले.

मी हात खाली केला. सर रांगांमधून हळूहळू चालत माझ्यापर्यंत आले, खिडकीला पाठ करून माझ्या शेजारी उभे राहिले.

“मघाशी व्हरांड्यातून दिसलं,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “हातवारे कुणाला करत होता?”

“डास आहेत सर.”

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. कमिटी, मालक, ती पोर, सगळं एकदम डोक्यात फिरत होतं. खिडकीकडे बघायचं धाडस मला होत नव्हतं. सर माझ्याकडे रोखून बघत होते, आणि बघता बघता त्यांची नजर माझ्यावरून सुटली. मान किंचित तिरकी झाली, कुणी हाक मारल्यावर होते तशी.

“एक माग थांबला,” ते म्हणाले.

मला तर तीच खटक-खटक ऐकू येत होती. तेवढ्या गदारोळातून एक धागा गळाल्याचं कळायला माणूस त्याच आवाजात वाढलेला असावा लागतो. सर वळले. समोर सुगंधाची आई पुढच्या मागावर वाकून तुटलेला दोरा जोडत होती. तिच्या पाठीशी, हातभर अंतरावर, माग निपचित उभा होता. ती वळली नाही. तिला कळलंच नव्हतं.

सर बघत राहिले. बाई वाकलेलीच. माग थांबलेलाच. मग त्यांनी त्या वाकलेल्या बाईकडून वर्गाकडे पाहिलं, शेवटच्या बाकावरच्या दोन वेण्यांकडे, आणि पुन्हा बाहेर.

“किती दिवस?” त्यांनी विचारलं.

“दोन वर्षं.”

“आणि ही पोर...”

“हो.”

त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला. समोर बाईनं मान वर केली. खिडकीत मुख्याध्यापकांना पाहून तिचे हात जागच्या जागी थिजले. सरांनी कडक इस्त्रीचा हात उचलला, अंगठा खांद्यावरून मागे नेला आणि मूठ मिटली. सफाईदार, लहानपणापासून केल्यासारखी. ती घाईनं वळली.

“तुम्ही पोरांकडे लक्ष द्या, बाई,” ते खिडकीच्या गजांना हात लावून म्हणाले. “इकडचं मी बघतो.”

मी वर्गाकडे तोंड केलं. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून, मान वर न करता, एक हात उंच झाला.

“बाई,” सुगंधा म्हणाली, “पुरवणी.”